नाशिकने आपल्याला घडवलं म्हणजे नेमकं काय केलं?

पांडवलेण्यातल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी ज्याने हे लेणं खोदवून घेतलं, त्याने त्यात स्वतःची ओळख दिली आहे. नाव इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, यवन (म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक), उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा. आईवडिलांसाठी हे लेणं करवलं आणि मुलगा धर्मरक्षित याच्यासह भिक्षुसंघाला दिलं, असंही पुढे लिहिलं आहे. दान नाशिकच्या डोंगरात दिलं, पण दान देणारा कोण हे सांगताना वडिलांच्या नावासोबत दूरचं आपलं गाव आलंच. शेजारच्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आणखी एक छोटा लेख आहे, नाशिककरांच्या धंबिक गावाने दिलेल्या दानाचा. तिथे तर एकाही माणसाचं नाव नाही. देणारं आहे ते गाव.

‘मी कोण’ या प्रश्नाच्या उत्तरात जागा इतकी आत का शिरलेली असते, याकडे मानसशास्त्राने तसं उशिरा लक्ष दिलं. माणूस घडतो तो आईवडील, शाळा, मित्र, जात, धर्म, पैसा यांच्यामुळे, आणि जागा म्हणजे हे सगळं जिथे घडतं ते ठिकाण, एवढंच तिचं काम, असं बराच काळ धरून चाललेलं होतं. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड प्रोशान्स्की यांनी १९७८ मध्ये वेगळं मांडलं. आपण ज्या खोल्यांत, गल्ल्यांत, बाजारात, शाळेच्या वाटेवर वाढतो, त्यांच्याबद्दलच्या आठवणी, आवडीनिवडी आणि अपेक्षा मिळून आपल्या ‘मी’चा एक स्वतंत्र भाग तयार होतो, असं त्यांचं म्हणणं. त्याला आपण स्थान-ओळख म्हणू.

ही ओळख बनते नकळत. थंडी म्हणजे किती थंडी, गर्दी म्हणजे किती माणसं, शेजारणीने न विचारता थेट स्वयंपाकघरात येणं हा आपलेपणा की आगाऊपणा, हे आपण कधी बसून ठरवलेलं नसतं. आपण वाढलो त्या जागेने ते आपल्यासाठी ठरवून टाकलेलं असतं. नाशिकचं पोरगं नोकरीसाठी मुंबईला जातं आणि जानेवारीत लोक स्वेटर घालून फिरताना बघून चक्रावतं, तेव्हा कुठे त्याला कळतं की आपल्या अंगात निफाडकडून येणारा गारवा मुरलेला आहे. तोवर ते त्याला फक्त ‘हवामान’ वाटत असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण या विषयावर बोलताना लोक लगेच हळवे होतात. गाव माणसाला घडवतं ते घाटाच्या किंवा डोंगराच्या देखणेपणाने फारसं नाही. ते आपल्याला कुठवर जाऊ देतं, कोणाशी गाठ घालून देतं आणि कुठे अडवतं, यातून घडवतं. पुढचं सगळं या एका मुद्द्याबद्दल आहे.

डोक्यातला नकाशा

आधी थोडं मेंदूबद्दल. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात काही खास पेशी सापडल्या. उंदीर एका ठरावीक ठिकाणी आला की त्यातली ठरावीक पेशी चेतायची, दुसऱ्या ठिकाणी गेला की दुसरी. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या भागात अंतर आणि दिशा मोजायला मदत करणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या विषयासाठी यातली महत्त्वाची बाब अशी की घडलेल्या प्रसंगांची आठवण तयार करण्याचं कामही हाच हिप्पोकॅम्पस करतो. कुठे आहोत आणि काय घडलं, या दोन्ही नोंदी मेंदूत एकाच टेबलावर होतात. म्हणून दहावीचा निकाल कळला तो क्षण आठवायला सांगा, माणूस टक्क्यांच्या आधी आपण कुठे उभे होतो ते सांगेल.

वासाचंही असंच. नाकाकडून येणारा संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचतो. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. मिसळीच्या काळ्या रश्शाला लावलेल्या भाजक्या कांदा-खोबऱ्याचा वास परगावच्या हॉटेलात आला आणि घसा दाटून आला, तर त्यामागे हे कारण आहे.

मग येतं तरुण वय. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की त्यांत साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. कारणांबद्दल मतं अनेक आहेत. त्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात, मेंदू भरात असतो, आणि त्याच वर्षांत आपण स्वतःबद्दलची गोष्ट रचत असतो, त्यामुळे त्या काळातले प्रसंग त्या गोष्टीत पक्के बसतात. मला हे तिसरं कारण सगळ्यात पटतं. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर बसून आपण कोण होणार याच्या बाता मारलेल्या असतात. पुढे वेगळेच कोणीतरी झालो तरी त्या बाता आणि तो कट्टा सोबत राहतात.

पण जागा फक्त आठवणीत राहते असं नाही, ती कौशल्यही देते. २०२२ मध्ये अँटोनी कुत्रो, ह्युगो स्पायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइलवरच्या एका खेळात समुद्रातून वाट शोधायची होती. ३८ देशांतल्या जवळपास ४ लाख लोकांच्या खेळाचा त्यांनी हिशेब मांडला. शहराबाहेर वाढलेली माणसं वाट शोधण्यात सरासरी सरस निघाली. काटकोनात आखलेल्या, पाटीवरच्या चौकटींसारख्या शहरांत वाढलेल्यांना तशाच सरळ मांडणीत वाट चांगली सापडायची, वेड्यावाकड्या मांडणीत ती अडखळायची. आणि यात फरक पाडत होती ती लहानपणीची जागा. मोठेपणी कुठे राहता याचा तसा परिणाम दिसला नाही.

मला हे वाचताना आई आठवत होती. ती तांबट लेनमध्ये वाढली. जुनं नाशिक टेकड्यांवर बसलेलं आहे. तिथे गल्ली सरळ जाते असं वाटेपर्यंत उतार लागतो, वाड्याच्या बोळातून दुसऱ्याच आळीत बाहेर पडता येतं, आणि वाट सांगताना ‘खाली’ म्हटलं की नदीकडे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणत्याही नव्या गावात नेलं तरी आई अर्ध्या तासात तिथली ‘खाली’ शोधून काढते. मी सिडकोत वाढले, रांगेने उभ्या असलेल्या एकसारख्या घरांत. आमच्याकडे वाट सांगायची ती गिरणी, पाण्याची टाकी आणि चौक यांच्या आधाराने. अजूनही खुणेशिवाय मला रस्ता सापडत नाही. अर्थात अभ्यासातले आकडे सरासरीचे असतात, एकट्यादुकट्या माणसाचं त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आमच्या दोघींपुरतं ते बरोबर बसतं.

गाव शिकवतं ते पुस्तकात नसतं

गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकमेकांना क्युसेकचे आकडे विचारत नाहीत, ‘दुतोंड्याच्या कुठवर आलंय?’ असं विचारतात. गुडघे, कंबर, छाती, गळा. मारुतीच्या अंगावर पाणी जसजसं चढतं तसतसं कोणत्या दुकानदाराने माल हलवायचा, सराफ बाजारात केव्हा शिरेल, कोणता पूल बंद होईल, याचा अंदाज बांधला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये मूर्ती पूर्ण पाण्याखाली गेली, तेव्हा ती बातमी वेगळी समजावून सांगायची गरज कोणाला पडली नाही. घाटाजवळ वाढलेलं दहा वर्षांचं पोर हे मोजमाप शाळेत न जाता शिकतं. आजोबांचं बोट धरून पुलावर उभं राहायचं, मोठी माणसं काय बोलतात ते ऐकायचं, बस. पाणी किती भराभर चढतं, त्याचा रंग कधी बदलतो, लोक कधी हसायचे थांबतात, हे सगळं त्यात आलं.

अशा शिकण्याला दोन अटी लागतात. ती जागा पायी गाठता यायला हवी, आणि तिथे मोठी माणसं आपापल्या कामात असताना मुलांना आसपास राहू द्यायला हवं. मला वाटतं, गावाने घडवलं असं म्हणताना आपल्याला बऱ्याचदा हेच म्हणायचं असतं. आपल्याला कोणी मुद्दाम शिकवलं नाही, पण शिकण्याच्या जागी कोणी हाकलूनही लावलं नाही.

कोणाशी गाठ पडली, हा यातला दुसरा धागा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे सिडकोत खानदेशातून पुष्कळ कुटुंबं आली. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे अमळनेरकडचे होते. त्या मावशी सकाळी ओट्यावरून ‘काय करी ऱ्हायनी?’ असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता वाटी पुढे करायच्या, कधी शेवभाजी, कधी कळण्याची भाकरी. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसायची, तेव्हा दोन्ही घरांची दारं उघडीच असायची. आमच्या नात्यागोत्यात अहिराणी बोलणारं कोणीही नाही. मला मात्र ती पूर्ण कळते आणि रागात थोडी बोलताही येते. हा माझ्या स्वभावातला भाग आईवडिलांकडून आलेला नाही, शाळेतूनही नाही. सिडकोच्या घरवाटपात आमच्या शेजारी कोण आलं, त्यातून तो आला.

हा नुसता कौतुकाचा विषय नाही, त्याचे आर्थिक परिणामही मोजलेले आहेत. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या गरीब सरकारी वसाहतींमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांची सोडत काढून त्यातल्या काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली. कोणाला मदत मिळाली हे नशिबावर होतं, म्हणूनच तुलना विश्वासाची ठरली. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की १३ वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची पंचविशीतली कमाई न गेलेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती. १३ नंतर गेलेल्यांना असा फायदा झाला नाही. मोठ्यांच्या कमाईतही फरक पडला नाही. बदल घडवून आणणारी गोष्ट होती ती मुलांनी त्या जागेत घालवलेली वर्षं. त्याच मंडळींच्या २०२२ च्या अभ्यासात पुढचा दुवा मिळाला: ज्या भागात गरीब आणि सधन घरांतल्या लोकांची आपसात मैत्री होते, तिथली गरीब मुलं पुढे जास्त वर येतात.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर कविता राऊत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव दिलं. डोंगरपाड्यावरच्या आयुष्याने तिला पाय दिले, असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण नाशिक शहरात प्रशिक्षण मिळालं नसतं, तर पदकापर्यंतची वाट तिला कोणी दाखवली असती? त्या पाड्यांवर पळणाऱ्या मुली आणखीही असतील. ज्यांना शहराचं दार उघडलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. जागा बळ देते हे सांगताना ही दुसरी बाजू गाळली, तर तो अन्याय होतो.

एकच गाव सगळ्यांना एकच नसतं

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी खुल्या होतात. पेशवाईच्या काळापासूनचे हे चौकोनी हौद भर चौकात, रस्त्याच्या खाली असतात. वर्षभर त्यांच्यावरून माणसं आणि गाड्या जातात. रंगपंचमी जवळ आली की माती उकरतात, वरची लाकडं काढतात, हौद साफ करून पाणी भरतात आणि त्यात रंग कालवतात. शनी चौकाची, तिवंध्याची, दिल्ली दरवाजाची, प्रत्येक रहाडीचा आपला रंग आणि आपले मानकरी. पूजा झाली की पोरं काठावरून ‘धप्पा’ मारतात, म्हणजे अंग झोकून देतात, आणि पाणी उसळून काठावरच्यांना भिजवतं. सण संपला की पुन्हा लाकडं, पुन्हा माती, पुन्हा रस्ता.

ज्याने तिथे धप्पा मारला, त्याला आयुष्यभर तो चौक साधा चौक वाटत नाही. पायाखाली काय आहे ते त्याला ठाऊक असतं. आपलेपणा म्हणतात तो असा, शरीराने कमावलेला असतो. माझे मामा आजही त्या चौकात आले की चालण्याचा वेग कमी करतात.

आईने मात्र तीच रहाड गच्चीवरून पाहिली. ती त्याच आळीतली, त्याच वयाची, सण तोच. तिच्या सांगण्यात पाण्याचा गारवा येत नाही. वरून दिसणारी डोकी येतात, रंगाचा पट्टा येतो आणि कोण कोणाला ढकलत होतं याचा तपशील येतो. दोघांच्या आठवणी खऱ्याच. पण एकाला गावाने आत घेतलं होतं आणि एकीला बघू दिलं होतं, आणि माणूस म्हणून दोघं वेगळे घडले त्यात याचा वाटा आहे. आई आजही कुठल्याही समारंभात आधी सगळं नीट दिसेल अशी जागा शोधते.

याहून कठोर रेषा नाशकातच होती. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षं चालला. स्थानिक आघाडी सांभाळणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे. पंचवटीत वाढणाऱ्या सवर्ण मुलासाठी ते दगडी आवार रोजच्या खेळण्याचं, सावलीचं, प्रसादाचं. पलीकडच्या वस्तीतल्या मुलासाठी तेच आवार म्हणजे ज्याच्या आत आपण चालत नाही ती जागा. स्थान-ओळखीची कल्पना मांडणाऱ्यांनी हे स्पष्ट म्हटलं आहे की जागा माणसाला कमीपणाही शिकवते. रोज एका दारापुढून वळसा घालून जाणाऱ्या पोराला कोणी काही बोललं नाही, तरी तो वळसा त्याला त्याची पायरी सांगत असतो.

या इतिहासातली जी गोष्ट मला सतत विचार करायला लावते ती अशी, की जागेने शिकवलेलं नाकारताही येतं, आणि तेही बहुतेक तरुण वयातच. १९३२ मध्ये या सत्याग्रहाला पाठिंबा देणाऱ्या आंदोलनात नाशकातला वीस वर्षांचा एक तरुण सामील झाला. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे पुढचे कुसुमाग्रज. ज्यांच्यासाठी ते दार उघडं होतं त्यांच्यापैकीच तो एक. त्याच गावाने त्याला वाढवलं होतं, आणि त्या गावाचा नियम चूक आहे हे म्हणायलाही तो त्याच गावात उभा राहिला. दार शेवटी न उघडल्याने बाबासाहेबांनी वाट बदलली. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. आज लाखो लोकांसाठी काळाराम हे नाव आधी सत्याग्रहाचं आहे, मग मंदिराचं. दगड तेच राहिले, माणसांनी तिथे जे केलं त्याने जागेचा अर्थ बदलला. म्हणजे हे दुतर्फी आहे: जागा आपल्याला घडवते, आपणही तिला घडवतो, आणि पुढच्या पिढीला ती बदललेली मिळते.

जागा गेली तर

बोस्टन शहरातला वेस्ट एंड हा जुना, दाटीवाटीचा भाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडून टाकला गेला. सरकारी कागदांत तो गलिच्छ वस्ती होता. मार्क फ्राइड यांनी तिथून उठवलेल्या लोकांशी बोलून १९६३ मध्ये लिहिलं की त्यांतल्या अनेकांचं दुःख घरातलं माणूस गेल्यावर होणाऱ्या दुःखासारखं होतं. बऱ्याच जणांना नवीन घर आधीच्यापेक्षा चांगलं मिळालं होतं, तरीही. कारण गेलं होतं ते छप्पर नव्हतं. कोणत्या कोपऱ्यावर कोण भेटेल, कोणाकडून उधार मिळेल, कोणाच्या नजरेत पोरं सुरक्षित आहेत, ही सगळी न बोललेली व्यवस्था गेली होती.

जुन्या नाशकातले वाडे एकेक करून उतरत आहेत. काही धोकादायक झाले होते, पावसाळ्यात त्यांच्या भिंती कोसळतात. ते राहावेत असा हट्ट धरणं तिथे राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे. पण वाडा उतरवताना चौक, ओटा आणि बोळ यांचं काय होतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो नकाशा मंजूर करताना विचारता येतो. सिंहस्थाच्या कामांत घाटावर काय होतंय याबद्दल लोक तावातावाने भांडतात, ते मला चांगलं लक्षण वाटतं. ज्या जागेने काही दिलेलं नाही तिच्यासाठी कोणी भांडत नाही.

गाव सोडून गेलेल्यांचंही थोडं सांगायला हवं, कारण पुण्या-बंगळुरात नाशिककरांची कमी नाही. ओळखीला सातत्य लागतं, ‘तेव्हाचा मी आणि आत्ताचा मी एकच’ ही भावना लागते, आणि जागा ती देतात. म्हणून माणसं नव्या शहरात घर बघताना नकळत जुन्यासारखं काहीतरी शोधतात. कोणाला डोंगर दिसणारी खिडकी हवी असते, कोणाला पायी जाण्याजोगा बाजार. यात लाजण्यासारखं काही नाही. घर घेताना हे उघड बोललं, तर नवराबायकोतली निम्मी भांडणं कमी होतील असं माझं मत आहे.

आत्ताची मुलं

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका कुटुंबाचा तपशील २००७ च्या एका अहवालामुळे गाजला होता. १९२० च्या दशकात पणजोबा आठ वर्षांचे असताना मासे पकडायला एकटे सहा मैल चालत जात. मग पिढीगणिक अंतर आटत गेलं, आणि २००७ मध्ये आठ वर्षांच्या पणतूला एकट्याने जायची मुभा होती ती रस्त्याच्या टोकापर्यंत, सुमारे ३०० यार्ड. गाव तेच, फिरण्याची हद्द मात्र इतकी लहान झालेली.

हे वाचून मी घरात एक प्रयोग केला. तो कोणालाही करता येईल, कोरा कागद आणि पेन्सिल पुरते. बाराव्या वर्षी तुम्ही एकटे जिथवर जायचात तिथवरचा नकाशा आठवून काढायचा, मोजपट्टी न लावता. घरातल्या तीन पिढ्यांनी वेगवेगळं बसून काढायचा आणि मग शेजारी ठेवायचा.

आईच्या कागदावर तांबट लेन मधोमध होती. भांडी ठोकण्याचा आवाज कुठून यायचा तेही तिने बाणाने दाखवलं. दहीपूल, सराफ बाजार, भाजीवाल्या बायका, मैत्रिणीचा वाडा, रामकुंड. नदीच्या पलीकडे काहीच नाही, कारण पलीकडे एकटीने जायचं नाही असा नियम होता. तेवढ्याशा हद्दीत तिने इतकं भरलं होतं की कागद पुरला नाही. माझा नकाशा जास्त लांब आणि जास्त विरळ निघाला: पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक, गिरणी, मैदान, आणि एक लांब रेघ, शहर बसची, जिच्या टोकाला ‘गाव’ असं लिहिलं होतं. आम्ही सिडकोवाले जुन्या नाशकाला गावच म्हणायचो.

लेक आत्ता बारा वर्षांची आहे, पाथर्डी फाट्याला राहतो आम्ही. तिने इमारत काढली, अगदी बारकाईने, लिफ्टच्या बटणांसकट. खाली खेळायची जागा. मग कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात शाळा, तीही छान. मधली जागा कोरी होती. तिथे काय आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘तिथून व्हॅन जाते.’

शाळा चांगली आहे, व्हॅन वेळेवर येते, रस्त्यावरची वाहतूक खरोखर भयंकर आहे. तिला एकटीने पायी पाठवा असं मी कोणालाच सांगणार नाही. पण मधला कागद कोरा राहणं मला मान्य नाही. जागा देते त्यातलं बरंचसं त्या मधल्या भागातच मिळतं: ओळखीचा पंक्चरवाला, चुकलेलं वळण, न ठरवता भेटलेली माणसं, स्वतः विचारून शोधलेला पत्ता. दुतोंड्याचं मोजमाप आणि मावशींची अहिराणी दोन्ही तिथलीच.

म्हणून या सुट्टीत आम्ही सुरुवात करतोय. फाट्यावरून बसने सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, तिकीट तिने काढायचं, उतरायचं कुठे ते तिने ठरवायचं, मी मागच्या सीटवर. तिथून चालत टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात, जे १८४० पासून आहे आणि जिथे तिच्या नावाचं सभासदत्व घ्यायचं आहे. जमलं की पुढे तिची मैत्रीण सोबत आणि मी घरी. पहिल्या खेपेला आजीही येणार आहे, कारण वाचनालयापासून तांबट लेनपर्यंत बोळाबोळातून जायची वाट फक्त तिलाच येते.